नावाचा सात-बारा

“एम, ई, टी… टी फॉर टायगर. नाही हो, एच नाही. टी झाला की लगेच के.”

आवडीला मावसबहिणीकडे पोचलो तेव्हा ताई ओट्याशी उभी राहून फोनवर हे सांगत होती. एका हातात मेतकुटाची चाळण, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. पलीकडे कुरिअरचा माणूस होता. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचं नाव हवं होतं आणि ते त्याने तीनदा लिहून तीनदा वाचून दाखवलं होतं. तिन्ही वेळा ‘मेथकूट’. मेतकुटात मेथी असतेच, त्यामुळे चूक तशी चवीला धरून होती.

खरं तर त्याची चूकही नव्हती. तमिळनाडूत रोमन लिपीतला ‘टी’ हा ट असतो. त हवा तर ‘टीएच’ लिहायचं. म्हणून आपली सविता तिकडे सविथा दिसते आणि ललिता ललिथा. शिवाय तमिळ लिपीत क आणि ग यांना मिळून एकच अक्षर, ट आणि ड यांनाही एकच. शब्दाच्या सुरुवातीला ते अक्षर आलं की त्याचा उच्चार कठोर होतो. ताईचा दुसरा खपाचा माल गोडा मसाला. तो या हिशोबाने सहज ‘कोडा’ होऊ शकतो.

आवडी हे चेन्नईच्या पश्चिम टोकाचं गाव. सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावरचं. १९५५ साली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, म्हणून जुन्या पिढीला हे नाव ठाऊक असतं. नंतरच्या पिढीला ते रणगाड्यांमुळे ठाऊक झालं. १९६५ पासून इथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत ‘विजयंता’ तयार होऊ लागला, पुढे ‘अर्जुन’ही इथलाच. आयुध निर्माणीतली माणसं खडकी, देहूरोड, अंबाझरी, वरणगाव अशा ठिकाणांहून बदल्यांवर येत-जात असतात. ताईचे यजमान त्यांतलेच. वसाहतीत घर मिळालं नाही म्हणून दोघं बाहेर भाड्याने राहतात. हे भाड्याचं पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, दिवाळीत चकल्या. आजवर सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालला होता. आता वेबसाइट काढायची होती आणि मी पूर्वी एक वेबसाइट काढून ती गमावलेली असल्यामुळे घरात जाणकार ठरलो होतो.

ताईच्या वहीत रंग, फोटो, ‘आमच्याविषयी’चा मजकूर अशी लांबलचक यादी होती. वेबसाइटचं नाव मात्र सर्वांत खाली, ‘बघू’ असं लिहून सोडलेलं. मी ते खोडून सर्वांत वर लिहिलं. रंग, फोटो, मजकूर, सगळं पुढे कधीही बदलता येतं. नाव पिशव्यांवर छापलं जातं, फोनमध्ये साठवलं जातं, गिऱ्हाइकाच्या तोंडी बसतं. ते बदलायचं म्हणजे दुकान नव्याने मांडायचं. आणि नाव निवडताना पहिली परीक्षा कागदावर घेऊच नये, फोनवर घ्यावी. शेजारच्या तमिळ अक्कांना नाव एकदाच सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते बघा. ताईने मनात धरलेल्या चार नावांपैकी तीन अक्कांनी निराळ्या स्पेलिंगने लिहिली. चौथं त्यांनी बरोबर लिहिलं, पण ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं.

एका जादा अक्षराने काय होतं याचा देशातला सर्वांत गाजलेला खटला चेन्नईतल्याच कंपनीचा आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातली अक्षरं जोडून ‘सिफी’ हा शब्द घडवला आणि १९९९ मध्ये ‘सिफीनेट डॉट कॉम’सारखी डोमेन नावं नोंदवली. २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने जवळजवळ तेच नाव घेतलं, फक्त त्यात एक ‘एफ’ जास्त. कानाला काहीच फरक नाही. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की हे नाव आमच्या पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून बनलंय, साम्य हा नुसता योगायोग. न्यायालयाला ते पटलं नाही. ६ मे २००४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की डोमेन नाव म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, ते धंद्याची ओळखही असतं आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा जो जुना कायदा आहे तो इथेही लागू होतो. भारतात डोमेन नावांसाठी वेगळा कायदा नव्हता, त्यामुळे हा निकाल पुढच्या भांडणांचा पाया झाला.

त्यातली छोट्या दुकानदाराने उचलायची गोष्ट निराळी आहे. मोठी कंपनी एका ‘एफ’साठी तीन कोर्टं चढू शकते. मेतकूटवालीने ‘एच’ असलेलं आणि ‘एच’ नसलेलं अशी दोन्ही नावं घेऊन टाकावीत. वर्षाला काही शे रुपयांचं काम आहे.

पण ‘घेऊन टाकावीत’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. डोमेन विकत मिळत नाही.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. सुरुवातीला नावं आणि आकडे यांची जोडी सांगणारी एकच फाइल होती, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली, आणि जगभरचे मोजके संगणक ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वाटणीची पद्धत आणली: प्रत्येक शेपटाची, म्हणजे ‘डॉट कॉम’ची किंवा ‘डॉट इन’ची, वही वेगळी आणि ती सांभाळणारा वेगळा. पहिलं ‘डॉट कॉम’ नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं, ‘सिम्बॉलिक्स’ नावाच्या कंपनीचं. भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ आलं १९८९ मध्ये आणि पुढे कित्येक वर्षं ती वही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत सांभाळली जात होती. नियम इतके कडक, की २००४ पर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला धोरण सैल झालं, वही ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे गेली आणि जो पहिला येईल त्याला नाव मिळू लागलं.

आपण नाव घेतो म्हणजे या वहीत एका ओळीवर ठरावीक मुदतीसाठी आपलं नाव लागतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. मधला दलाल म्हणजे रजिस्ट्रार, ज्याच्या वेबसाइटवर आपण पैसे भरतो. सात-बाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर आपण मुदतीचे भोगवटादार. मालक नव्हे. कूळकायदाही इथे नाही. दहा वर्षं इमानाने दुकान चालवलं म्हणून नाव आपलं होत नाही, मुदत संपली की ओळ मोकळी.

“म्हणजे या घरासारखंच,” ताई म्हणाली. तिचा अकरा महिन्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता.

भाड्याच्या घरात निदान करारावर आपली सही असते. माझ्या पहिल्या वेबसाइटच्या बाबतीत तीही नव्हती. वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. नाव, होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, सगळं त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ईमेल आणि फोन घालून घेतलं. लबाडी मुळीच नव्हती, त्याला ते सोपं गेलं एवढंच. मी पैसे त्याला द्यायचो आणि वेबसाइट माझी आहे असं समजायचो. मग तो आखातात गेला, त्याचा नंबर बदलला, मुदत संपल्याचे ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले. एके दिवशी माझ्या लेखांच्या जागी रमीची जाहिरात आली. माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर तो पत्ता अजून छापलेला आहे.

तेव्हा नोंदणी करताना ताईच्या लॅपटॉपवर मी एकाच गोष्टीवर अडून बसलो. वेबसाइट कुणीही बांधो, ‘रजिस्ट्रंट’ या रकान्यात ताईचं नाव, ताईचा फोन, आणि ईमेल ताईचा स्वतःचा. या शेवटच्या गोष्टीत एक गंमत आहे. नवं डोमेन घेतलं की त्याच नावाचा ऐटदार ईमेल बनवायचा आणि तोच नोंदणीत द्यायचा असा मोह होतो. मुदत चुकून संपली की डोमेन बंद, डोमेनबरोबर ईमेल बंद, आणि ‘पैसे भरा’ असं सांगणारं पत्र येणार त्याच बंद पेटीत. किल्ली घरात ठेवून लॅच लावण्याचा प्रकार. म्हणून तिथे जुना साधा ईमेलच बरा. ‘डॉट कॉम’साठी आणखी एक: नोंदणीनंतर पंधरा दिवसांत ईमेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन पत्ता खरा असल्याची खात्री करून द्यावी लागते, नाहीतर नाव स्थगित होऊ शकतं. ते पत्र हमखास जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतं.

मुदत विसरणं हा गरिबाचाच दोष आहे असं समजू नका. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची ‘हॉटमेल’ ही ईमेल सेवा मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस घेतली. लोकांना आत घेताना ती सेवा ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचा आधार घ्यायची. १९९९ च्या नाताळात कितीतरी लोकांना आपली पत्रं उघडता येईनात. अमेरिकेतल्या मायकल चेनी नावाच्या लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने शोध घेतला तेव्हा दिसलं की त्या नावाचे पैसेच भरलेले नाहीत. त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून पस्तीस डॉलर भरले आणि हॉटमेल पुन्हा चालू झालं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीची थकबाकी, भरली वाटसरूने.

‘डॉट कॉम’ला सवलत बरीच मिळते. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारने आठवण द्यायची असते. मुदत उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी काही दिवस नेहमीच्या दरात भरता येतं. त्यानंतर तीस दिवसांची एक खिडकी असते, पण तिथे दंड पुष्कळ. मग पाच दिवस नाव अधांतरी, आणि नंतर ते कुणालाही खुलं. चालत्या नावावर डोळा ठेवून बसलेली यंत्रं असतात, ती पहिल्या सेकंदाला उचलतात. माझं असंच गेलं असणार.

पैसे वेळेवर भरूनही नाव बंद पडू शकतं, त्याचंही उदाहरण चेन्नईचंच. झोहो ही कंपनी १९९६ मध्ये ‘ॲडव्हेंटनेट’ म्हणून सुरू झाली आणि छोट्या धंद्यांना लागणारी हिशोबाची, पत्रव्यवहाराची, दुकान मांडायची साधनं विकते. २४ सप्टेंबर २०१८ ला तिचं मुख्य नाव अचानक दिसेनासं झालं. कंपनीच्या ईमेल सेवेचा काही भामट्यांनी फसवणुकीसाठी वापर केल्याच्या मोजक्या तक्रारी तिच्या रजिस्ट्रारकडे गेल्या होत्या आणि त्याने नावच खाली ओढलं. संस्थापक श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर जाहीरपणे मदत मागावी लागली. काही तासांत नाव परत आलं, पण जगभरच्या वह्यांत ते पुन्हा पोचायला आणखी वेळ गेला. तेवढा वेळ झोहोवर अवलंबून असलेली हजारो छोटी दुकानं नुसती बसून होती. पुढे झोहोने आपलं नाव दुसरीकडे हलवलं. यावर मेतकूटवालीला करता येण्यासारखं फारसं काही नाही, इतकंच की गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते वेबसाइटबाहेर, स्वतःच्या वहीत असावेत. ताईच्या वहीत ते होतेच. पंधरा वर्षांचे, फराळाच्या आवडीनिवडींसकट.

मराठी दुकान आहे तर नाव देवनागरीत का नको, हा प्रश्न यजमानांनी केला, आणि तो रास्त होता. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, मराठीसह आठ भाषांसाठी. तमिळ लिपीतही तसंच शेपूट आहे. मात्र आतली वही आजही रोमनच समजते. तिच्या लेखी ‘भारत’ म्हणजे ‘एक्स-एन’, मग दोन आडव्या रेघा, मग ‘एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी’. ब्राउझर हे आपल्यापासून लपवतो, पण एखाद्या जुन्या फॉर्ममध्ये किंवा बिलाच्या प्रणालीत ते रूप अचानक उघडं पडतं आणि गिऱ्हाईक घाबरतं. शिवाय आवडीचा कुरिअरवाला देवनागरी वाचत नाही. माझं मत असं: घ्या जरूर, पुण्यातल्या आत्याला पाठवायला छान आहे, आणि ते रोमन नावाकडे वळवून ठेवा. पिशवीवर मात्र रोमन.

नाव झालं की दुकान. त्याबद्दल बाजारात इतकं बोललं जातं की मी फार बोलत नाही. बारा-पंधरा वस्तूंसाठी तयार साचे पुरतात. पहिलं वर्ष नव्व्याण्णव रुपयांत देणाऱ्याला दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. पत्त्याच्या सुरुवातीचं कुलूप, म्हणजे सुरक्षेचं प्रमाणपत्र, ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले तेच बसवतात, तेव्हा बिलात त्याचे वेगळे हजार रुपये दिसले तर का ते विचारा. ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे’ असं अनोळखी कंपनीचं पत्र आलं तर पैसे भरू नका, आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तारीख बघा. यूपीआयने पैसे घेतले तर दुकानदाराला साधारणपणे काही कापून जात नाही, कार्डावर दोनेक टक्के जातात.

आम्ही अडलो ते भलत्याच ठिकाणी. ताईचा धंदा छोटा. तमिळनाडूत नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ती सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याची. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर, पहिल्या पिशवीपासून नोंदणी सक्तीची. हे २०१७ च्या कायद्यात पहिल्यापासून आहे. वेबसाइटला राज्याची सीमा कळत नाही. तिने मांडलेला गोडा मसाला ठाण्यात बसून कुणीही टोपलीत टाकतो आणि अर्ध्या किलोच्या पार्सलने कायदा बदलतो. पुदुच्चेरी तर बसने तीनेक तासांवर, पण करासाठी ते वेगळं राज्य. तेव्हा एकतर नोंदणी करा आणि दर महिन्या-तिमाहीची विवरणपत्रं सांभाळा, किंवा वेबसाइटलाच सांगा की तमिळनाडूबाहेरचा पिनकोड आला तर नम्रपणे नाही म्हण. ताईने पहिलं वर्ष दुसरा मार्ग धरला. पुण्यातली आत्या रागावली.

खाण्याचा माल म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही लागते. त्याचा चौदा आकडी क्रमांक पिशवीवर छापायचा. निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता हे पिशवीवर असतंच, पण २०१८ पासून ते वेबसाइटवर मालाच्या शेजारीही दिसावं लागतं. ताईने पत्ता लिहिला, पिनकोड ६०० ०५४ टाकला आणि थबकली. घरमालकाने करार पुढे वाढवला नाही तर हा पत्ता पाचशे छापील पिशव्यांवर चुकीचा ठरणार होता. मग पिशव्या शंभरच छापायच्या ठरल्या.

नावं अखेर दोन घेतली, दोन्ही तीन वर्षांसाठी, दोन्ही ताईच्या नावावर. एक आपल्या वळणाचं, एक ‘एच’ घातलेलं. ‘एच’वालं टाइप केलं तरी माणूस त्याच दुकानात येतो. ओटीपी आले, पैसे गेले, पडद्यावर मुदतीची तारीख उमटली. ताईने सवयीने भिंतीवरचं कालनिर्णय गाठलं. दूध, गॅस, भाड्याची तारीख, सगळं ती तिथेच लिहिते. पण तीन वर्षांपुढचं पान त्यात कुठून असणार? तिने इकडेतिकडे पाहिलं, मेथीचा डबा काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने ती तारीख लिहून ठेवली.